जर्मन गाणं नुसतं ऐकू नका, मोठ्याने म्हणा

पुण्यात जर्मन शिकणारे ढीगभर आहेत, आणि ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, क्लासमध्ये कोणीतरी हमखास सांगतंच की गाणी ऐकत जा, शब्द आपोआप येतील. यातलं ‘आपोआप’ सोडलं तर सल्ला खरंच चांगला आहे.

एडिनबरा युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१४ मध्ये छापून आला. ६० मोठ्या माणसांना हंगेरियन वाक्यं शिकवली, एका गटाने ती ऐकून साधी बोलायची, दुसऱ्याने ठेक्यात बोलायची, तिसऱ्याने चालीवर गायची, आणि वेळ सगळ्यांना सारखाच, १५ मिनिटं. नंतर इंग्रजीवरून हंगेरियन वाक्य आठवून सांगायला लावलं तर गाणारे सरस ठरले. म्हणजे ठेका पुरला नाही, चाल लागली, आणि त्यांनी ती स्वतःच्या तोंडाने म्हटली होती हे विसरू नका!

चालीमुळे ओळीत किती अक्षरं बसतात, जोर कुठे पडतो हे ठरून जातं, त्यामुळे एखादा शब्द विसरला तरी त्याची मोकळी जागा आपल्याला जाणवते. पण वॉन्डा वॉलेस या संशोधिकेने १९९४ मध्ये दाखवलं की हा फायदा तीच चाल पुन्हा पुन्हा कानावर पडली तरच मिळतो, आणि पॉप गाण्यात नेमकं तेच होतं.

नेना या जर्मन बँडचं १९८३ चं ‘नॉयनउंडनॉयन्त्सिश लुफ्टबालोन्स’ म्हणजे ‘नव्याण्णव फुगे’ घ्या, जे पुढच्या वर्षी अमेरिकेत जर्मनमध्येच दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. त्यात नव्याण्णव हा आकडा परत परत येतो आणि पुढचं नाम बदलतं, कधी फुगे, कधी ड्यूझनफ्लीगर म्हणजे जेट विमानं, कधी क्रीग्समिनिस्टर म्हणजे युद्धमंत्री, मग यारं म्हणजे वर्षं. आकड्यालाही आपल्यासारखंच आधी नऊ मग नव्वद, त्यामुळे मराठी माणसाला तो पटकन बसतो. चार नामांची अनेकवचनं फुकटात मिळतात आणि तीही तीन तऱ्हांची, फुग्याला शेवटी स लागतो, विमान आणि मंत्री आहेत तसेच राहतात, वर्षाचं यार चं यारं होतं. पण नव्याण्णवच्या पुढे देर, दी, दास ही नामाचं लिंग दाखवणारी उपपदं येत नाहीत आणि नामंही अनेकवचनात आहेत, म्हणून लिंग मात्र या ओळींतून कळणारच नाही, ते डिक्शनरीत बघून शब्दासोबतच पाठ करायला लागतं. आळस केलात तर पुढे प्रत्येक वाक्यात अडाल.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की मजकूर परत वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवणाऱ्यांच्या डोक्यात आठवड्यानंतर जास्त उरतो. तेव्हा लिरिक्स समोर ठेवून दहादा ऐकण्यापेक्षा अर्थ एकदा नीट समजून घ्या, मग कडव्याच्या मध्येच गाणं पॉज करा, पुढची ओळ स्वतः म्हणा, आणि मगच प्ले करून ताडून बघा. सुरुवातीला सावकाश गाणीच निवडा, रॅपमध्ये शब्द इतके गिळतात की ए-वनवाल्याला शब्द कुठे संपला तेच समजत नाही.