कमी ओढीच्या धनुष्यासाठी स्थिर पात्यांचे ब्रॉडहेड निवडताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पेनसिल्व्हेनियाच्या बहुतेक भागांत व्हाइट-टेल हरणांच्या धनुष्यबाणाने करावयाच्या शिकारीचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, आणि सप्टेंबर उजाडला की आमच्या दुकानात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो: "आमचे धनुष्य चाळीस पाउंडांचेच आहे, त्याला कोणते टोक चालेल?" विचारणाऱ्यांत पहिल्यांदाच परवाना काढलेली तरुण मंडळी असतात, खांद्याच्या दुखण्यामुळे ओढीचे वजन उतरवलेले ज्येष्ठ असतात, आणि आता येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुली व महिलाही असतात. येथे पाउंड म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, अर्थात धनुष्याची ओढ, आणि टोक म्हणजे ब्रॉडहेड, शिकारीच्या बाणाचे धारदार पात्यांचे अग्र. ओढ कमी आहे एवढ्याच कारणाने हंगाम सोडण्याची गरज नाही. मात्र सत्तर पाउंडांचे धनुष्य टोकाच्या निवडीतील जी चूक पोटात घालते, ती चाळीस पाउंडांचे धनुष्य घालत नाही, आणि त्या चुकीची किंमत आपण नव्हे, ते जनावर मोजते.

प्रथम कायद्याची बाब. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीसाठी धनुष्याची ओढ किमान 35 पाउंड असावी लागते, आणि ब्रॉडहेडची रुंदी किमान 7/8 इंच असून त्याला एकाच पातळीत किमान दोन धारा असाव्या लागतात. शेजारच्या राज्यांतील नियम वेगळे आहेत, म्हणून ज्या राज्यात जाणार तेथील चालू वर्षाची नियमपुस्तिका आधी पाहावी. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी असल्याने या पत्रकातील सर्व मजकूर केवळ येथील परवानाधारकांसाठी आहे.

धनुष्याच्या खोक्यावर छापलेला वेग पाहून कोणताही हिशेब मांडू नये. तो वेग साधारणपणे 70 पाउंडांची ओढ, 30 इंचांची ओढलांबी (दोरी किती मागे ओढली जाते ते माप) आणि 350 ग्रेनचा बाण (ग्रेन हे बाणाच्या वजनाचे छोटे माप) धरून काढलेला असतो. ज्यांची ओढलांबी 26 इंच आहे, त्यांच्या दोरीला बाण ढकलायला चार इंच कमी मिळतात, आणि ओढलांबीचा एक इंच कमी झाला की वेग ढोबळ मानाने सेकंदाला दहा फुटांनी घटतो. त्यामुळे चाळीस पाउंडांची दोन धनुष्ये सारख्या ताकदीची असतीलच असे नाही.

हाती असलेली ताकद वाढवता येत नसली तरी ती कोणत्या रूपात बाणाला द्यायची हे ठरवता येते. उदाहरणादाखल 350 ग्रेनचा बाण सेकंदाला 220 फूट वेगाने सुटतो असे धरले, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे 37.6 फूट-पाउंड भरते. त्याच धनुष्यावर 430 ग्रेनचा बाण लावला आणि वेग 200 फुटांवर उतरला असे धरले, तर ऊर्जा 38.2, म्हणजे जवळपास तेवढीच राहते; पण संवेग (वस्तुमान गुणिले वेग) 0.342 वरून 0.382 वर, म्हणजे सुमारे 12 टक्क्यांनी वाढतो. मांसात शिरल्यावर बाण पुढे सरकत राहण्यासाठी हा संवेगच कामी येतो. म्हणून ओढीच्या दर पाउंडाला 10 ग्रेनच्या आसपास, म्हणजे चाळीस पाउंडांना 400 ग्रेन किंवा थोडा अधिक वजनाचा बाण घ्यावा, असा आमचा सल्ला असतो. वाढीव वजन शक्यतो पुढच्या टोकाला द्यावे, पण एक गोष्ट विसरू नये: 100 ग्रेनच्या जागी 150 ग्रेनचे टोक लावले की बाणाचा दांडा अधिक वाकतो, आणि मग कधीकधी अधिक ताठ दांडा घ्यावा लागतो.

आता टोकाविषयी. उघडणाऱ्या पात्यांचे ब्रॉडहेड कमी ओढीच्या धनुष्यासाठी आम्ही सुचवत नाही, कारण पाती उघडण्यातच ऊर्जेचा काही भाग खर्च होतो आणि आपल्याकडे तो उधळायला नसतो. स्थिर पात्यांतही दोन जाती आहेत. एकीचे अग्र दाभणासारखे असते. ते आधी भोक पाडते आणि पाती त्यामागून कापत येतात. मझी कंपनीचे ट्रोकार टोक या जातीचे आहे. ते हाडासाठी मजबूत असते, पण कातडीतून शिरताना अधिक जोर मागते. दुसऱ्या जातीत धार थेट अग्रापर्यंत आलेली असते आणि स्पर्श होताक्षणी कापणे सुरू होते. मॅग्नस कंपनीचे स्टिंगर टोक या जातीचे आहे. कमी ओढीसाठी आमची पसंती निःसंशय या दुसऱ्या जातीला आहे.

पात्यांची संख्या आणि रुंदी ठरवताना अंथरूण पाहून पाय पसरावेत. 1 1/8 इंच रुंदीच्या दोन पात्यांच्या टोकाला तेवढीच, म्हणजे 1.125 इंच लांबीची चीर पाडावी लागते. त्याच व्यासाच्या तीन पात्यांच्या टोकाला एकूण 1.69 इंच, म्हणजे दीडपट कापावे लागते, आणि हे सारे काम त्याच ऊर्जेत व्हायचे असते. ज्यांची ओढ 35 ते 45 पाउंडांच्या दरम्यान आहे, त्यांनी 1 ते 1 1/8 इंच रुंदीचे दोन पात्यांचे टोक घ्यावे. रुंदीच्या मानाने टोक जितके लांब तितके चांगले. सरळ चढावर धापा टाकणारी गाडी वळणावळणाच्या घाटाने वर जाते, तसेच लांब उताराचे पाते कमी जोरात आत शिरते. बाणाच्या भेदकतेचा दीर्घ अभ्यास केलेले डॉ. एड अ‍ॅशबी लांबी आणि रुंदीचे प्रमाण तीनास एक असावे असे सांगतात; बाजारातील सगळी टोके तेवढी लांब नसतात, पण निवड करताना तो रोख ठेवावा.

हे आम्ही नुसत्या आकडेमोडीवरून सांगत नाही. या दुकानाच्या मालकाने आपल्या पहिल्याच हंगामात 42 पाउंडांच्या धनुष्यावर रुंद, तीन पात्यांचे टोक लावले होते. हरणाची मादी वीस यार्डांवर होती, बाण खांद्याच्या हाडाला लागला आणि जेमतेम चार बोटे आत जाऊन थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधूनही ती सापडली नाही. बाण दुसऱ्या बाजूने बाहेर पडला की खालच्या छिद्रातून रक्ताचा माग राहतो आणि जनावर लवकर सापडते. म्हणून आरपार जाणे हा आमच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा निकष आहे.

धारेबाबत कोणतीही तडजोड करू नये. बोथट सुरीने टोमॅटो कापताना साल चिरण्याआधी फळ दबते, तसेच बोथट पात्यापुढे रक्तवाहिनी दबून बाजूला सरते. धारदार पाते तिला जागच्या जागी कापते. दुकानात आम्ही एक साधा रबरबँड दोन बोटांवर सैलसर ताणतो आणि त्यावर पाते अलगद टेकवतो. दाब न देता रबर तुटले तर टोक वापरण्याजोगे आहे. रबर पात्याबरोबर ओढले गेले तर नाही. पाकिटातून नुकतेच काढलेले टोकही या परीक्षेत कधीकधी नापास होते, म्हणून नवे आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नये. कानशीने आकार, हिऱ्याच्या दगडाने धार आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर घासणे, एवढे आमच्याकडे दहा मिनिटांत शिकता येते. एकाच बाजूने धार काढलेली पाती शिरताना गिरकी घेतात. ती घ्यायची असल्यास पात्याची बाजू आणि बाणाच्या पिसांचा पीळ एकाच दिशेचा असावा.

टोक दांड्यावर बसवल्यावर बाण उभा धरून गुळगुळीत फळीवर अग्रावर फिरवावा. टोक आणि दांडा जुळतात तेथे थरथर दिसली, तर तो बाण सरळ जाणार नाही. स्थिर पाती हवेत पुढच्या पंखांसारखी वागतात आणि धनुष्याच्या जुळणीतील दोष उघडा पाडतात. सरावाच्या साध्या, बिनपात्यांच्या टोकांच्या तुलनेत ब्रॉडहेड डावीकडे लागत असेल तर रेस्ट (धनुष्यावर बाण टेकतो तो आधार) उजवीकडे, आणि उजवीकडे लागत असेल तर डावीकडे, एका वेळी 1/32 इंचाहून अधिक नाही असा सरकवावा, आणि दोन्ही एकाच जागी लागेपर्यंत हे पुन्हा करावे. ब्रॉडहेडचा सराव थरांच्या फोम लक्ष्यावरच करावा. कापडी पिशवीचे लक्ष्य त्याने फाटते. तीनच्या पाकिटातील एक टोक सरावासाठी ठेवावे आणि उरलेली दोन शिकारीपर्यंत वापरू नयेत.

कमी ओढीचा बाण आडव्या उभ्या असलेल्या किंवा किंचित पाठमोऱ्या जनावराच्या दोन्ही फुफ्फुसांमधूनच जावा, आणि अंतर आपण सरावात दहापैकी दहा बाण हाताच्या पंजाएवढ्या वर्तुळात लावू शकतो तेवढेच धरावे. समोर तोंड करून उभ्या असलेल्या हरणावर बाण सोडू नये.

पाती काढताना व घालताना किल्ली वापरावी, बोटे नव्हे, आणि झाडावरील मचाणावर चढताना भाता झाकलेला असावा. जुळणीसाठी येताना धनुष्याबरोबर आपण हंगामात वापरणार आहात तेच बाण आणावेत. वजन, वेग आणि ओढलांबी मोजून आम्ही आपला हिशेब आपल्यासमोर कागदावर मांडून देऊ.