गर्भवाढ पडद्यावर आली तेव्हा

एप्रिल १९३८ मध्ये अमेरिकेतल्या 'लाइफ' साप्ताहिकाने 'द बर्थ ऑफ अ बेबी' या चित्रपटातली छायाचित्रं छापली आणि अनेक शहरांत त्या अंकावर बंदी आली. प्रकाशक रॉय लार्सन यांनी ब्राँक्समध्ये मुद्दाम एका पोलिसाला अंक विकला, अटक ओढवून घेतली आणि कोर्टातून निर्दोष सुटले. चित्रपट बनवला होता तो बाळंतपणात बायका दगावू नयेत म्हणून, डॉक्टरांच्या पुढाकाराने. तरी न्यूयॉर्कच्या सेन्सॉरने त्याला अडवलंच.

शाळेत दाखवायच्या फिल्मनी मग हाताने काढलेल्या हलत्या चित्रांचा (अ‍ॅनिमेशनचा) आधार घेतला. त्यात सोवळेपणा होताच. डिस्नेने १९४६ मध्ये कोटेक्स पॅडवाल्यांसाठी मासिक पाळीवर दहा मिनिटांची फिल्म काढली. तिच्यात रक्तस्राव चक्क पांढरा दाखवलाय! त्या मानाने ऑरेगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लेस्टर बेक यांची माणसाच्या जन्मावर आणि वाढीवरची फिल्म 'ह्यूमन ग्रोथ' धीट म्हणायची. पैसा लैंगिक शिक्षणासाठी काम करणाऱ्या ई. सी. ब्राउन ट्रस्टचा. फिल्ममध्येच एक वर्ग आहे, मुलं-मुली एकत्र बसून फिल्म बघतात आणि नंतर बाईंना प्रश्न विचारतात. १९४८ मध्ये ती दाखवली जाऊ लागली तेव्हा देशभर गाजली.

पण चित्रं काढण्यामागे निव्वळ लाज नव्हती. सशाचं फलित बीज काचेखाली ठेवून त्याचं विभाजन १९२९ मध्येच कॅमेऱ्यात पकडलं गेलं होतं. माणसाचा गर्भ पोटात; तिथे कॅमेरा पोचणार कसा? कोणत्या आठवड्यात हात फुटतात, कधी बोटं सुटी होतात, हे बाल्टिमोरच्या कार्नेगी संग्रहासारख्या ठिकाणी ठरत होतं. गर्भपात, शस्त्रक्रिया, शवविच्छेदन यांतून मिळालेले भ्रूण तिथे वयाच्या क्रमाने लावले जात, त्यांचे पातळ काप घेतले जात. म्हणजे वर्गात मुलांनी सलग वाढताना पाहिलेलं 'एक' बाळ मुळात अनेक, वाढ थांबलेल्या भ्रूणांवरून जुळवलेलं ज्ञान होतं. हे सांगण्याची तसदी फारसं कुणी घेत नसे.

स्वीडिश छायाचित्रकार लेनार्ट निल्सन यांच्या छायाचित्रांनीही ही गफलत मिटवली नाही. ३० एप्रिल १९६५ च्या 'लाइफ'मधला तो रंगीत, तरंगता गर्भ लोकांनी जिवंतच मानला. त्यातली बहुतेक छायाचित्रं मात्र शस्त्रक्रियेने बाहेर काढलेल्या भ्रूणांची होती.