वाहननोंदींची विक्री आणि विमा कंपन्या : पार्श्वभूमी

थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा विमा, सक्तीचा झाला १९४६मध्ये, पण गाडीवाल्याची माहिती खणून काढण्याची निकड कंपन्यांना भासली ती १ जानेवारी २००७नंतर. तोवर हप्त्याचे दर सगळ्यांना बांधून दिलेले होते. थर्ड पार्टी वगळता ते खुले झाले आणि चांगला गाडीवाला स्वस्तात ओढायचा, जोखमीचा टाळायचा अशी चढाओढ लागली.

दर बांधलेले असतानाही एक गोष्ट तपासावी लागायचीच, ती म्हणजे नो क्लेम बोनस. लागोपाठ पाच वर्षं क्लेम घेतला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटीच्या हप्त्यात निम्मी सूट मिळते. कंपनी बदलणाऱ्याकडे आधीच्या कंपनीचा कागद नसेल तर काय करायचं, हे २००२च्या दरपत्रकात लिहून ठेवलेलं होतं. त्याच्या सहीच्या हमीपत्रावर सूट द्यायची. मग नव्या कंपनीने २१ दिवसांच्या आत जुन्या कंपनीच्या कार्यालयाला रजिस्टर्ड पत्र टाकायचं आणि पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांनी उत्तर द्यायचं. म्हणजे नियम तंतोतंत पाळला तरी पॉलिसीचे दीड-दोन महिने निव्वळ विश्वासावर जाणार. २००९मध्ये विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी आणि क्लेमची माहिती एकत्र ठेवणारी संस्था उभी केली.

ही माहिती निदान विमेदाराने स्वतःच्या व्यवहारापोटी कंपनीला दिलेली असते. ‘वाहन’ (गाड्यांच्या नोंदी) आणि ‘सारथी’ (लायसन्सच्या नोंदी) या सरकारी डेटाबेसची गोष्ट निराळी. आरटीओत नोंद केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे तिथली माहिती कुणी राजीखुशीने दिलेली नाही. आधी ती त्या त्या आरटीओच्या रजिस्टरांत होती. नंतर संगणकावर आली आणि मग देशभराची एकत्र झाली. २०१९च्या मध्यापर्यंत तिथे सुमारे २५ कोटी गाड्या आणि १५ कोटी लायसन्स जमली होती. त्याच जुलैत राज्यसभेत उत्तर आलं की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी यंत्रणांना या माहितीत प्रवेश दिला असून त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले आहेत. विमा कंपन्यांना इथे रस असणं स्वाभाविकच. गाडी कोणत्या सालची, कर्ज कुणाचं, विमा कोणाकडे आणि कधी संपतो, सगळं एका ओळीत.

खरा वाद झाला तो त्याच वर्षीच्या मार्चमधल्या निर्णयावर. केंद्राच्या वाहतूक खात्याने घाऊक माहिती विकण्याचं धोरण आणलं. व्यापारी संस्थेला वर्षाला ३ कोटी रुपये, शैक्षणिक संस्थेला ५ लाख. वाहन उद्योगाला चालना, नागरिकांना चांगल्या सेवा, अर्थव्यवस्थेला हातभार अशी कारणं सांगितली गेली. ज्याची माहिती त्याची संमती घ्यावी, असं मात्र कुणाला वाटलं नाही, आणि हे खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणाऱ्या ऑगस्ट २०१७च्या निकालानंतर. वेगवेगळे संच एकमेकांशी ताडून पाहिले तर माणूस ओळखता येऊ शकतो, ही कबुली तर धोरणातच होती. नावं गाळून भागत नाही ते यामुळेच. तालुक्याच्या गावात अमुक मॉडेलची, अमुक सालची, अमुक बँकेच्या कर्जावरची गाडी एकच असेल तर नाव छापायची गरज कुठे उरते?

एका गाडीची नोंद कामापुरती पडताळणं आणि अख्खा साठा विकत घेऊन घरी नेणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. क्लेम आला, गाडीचा नंबर टाकला, नोंद जुळली की काम झालं. यावर कुणाची हरकत नव्हती. विनाविमा गाड्या पकडायला साठा हवा, असं त्यावर म्हटलं जातं. पण त्यासाठी पोलिसाच्या हातातला मोबाईल आणि २०१९च्या दुरुस्तीने २ हजारांवर नेलेला दंड पुरेसा आहे. साठ्याचा उपयोग मुख्यतः कुणाचा विमा कधी संपतोय याची यादी करायला.

फेब्रुवारी २०२०मध्ये दिल्लीत दंगल झाली. दंगलखोरांनी गाड्यांचे मालक हुडकायला ‘वाहन’मधली नोंद वापरली असावी अशी शंका जाहीरपणे घेतली गेली, आणि जूनमध्ये खासगीपणा आणि गैरवापराचं कारण देत खात्याने घाऊक विक्रीचं धोरण मागे घेतलं.

पण बंद झाली ती घाऊक विक्री, प्रवेश नव्हे. फेब्रुवारी २०२१मध्ये संसदेत सांगितलेला कमाईचा आकडा १११ कोटी रुपयांच्या वर होता आणि ज्यांना माहिती दिली जाते त्यांत बँका, वित्त कंपन्या, वाहन कंपन्या यांच्या जोडीला विमा कंपन्याही होत्या. धोरण मागे घेण्याची बातमी झाली, त्यामानाने या उत्तराची फारशी चर्चा झाली नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. संमतीबाबतच्या मुख्य तरतुदी पाळायला त्यातही १८ महिन्यांची सवलत दिली आहे, म्हणजे त्या बंधनकारक होणार २०२७च्या मे महिन्यात.