वायु-अवकाश शरीरक्रियाविज्ञान आणि सहनशक्तीचे खेळ

हवेचा दाब, गुरुत्व, प्रवेग किंवा तापमान नेहमीच्या मर्यादेबाहेर गेले असता हृदय, फुप्फुसे, रक्त, स्नायू, हाडे आणि अंतर्कर्ण कसे वागतात याचा अभ्यास करणारी शरीरक्रियाविज्ञानाची शाखा. वैमानिक व अंतराळवीर यांची शारीरिक पूर्वतयारी आखणे हे या शाखेतील तज्ज्ञाचे मुख्य काम. लांब पल्ल्याचे धावपटू, सायकलपटू, गिर्यारोहक यांच्या सरावाचा विचारही हेच तज्ज्ञ अनेकदा करतात, कारण दोन्हीकडे मोजायची गोष्ट एकच असते : शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकते. मराठीत ‘अवकाश’ व ‘अंतराळ’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत. शास्त्रीय लेखनात पहिला अधिक दिसतो. माणसाला मात्र सगळेच ‘अंतराळवीर’ म्हणतात.

शाखेचा उगम कोठे मानावा याविषयी एकवाक्यता नाही. होसे दे आकोस्ता या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अँडीज पर्वतातील विरळ हवेने होणाऱ्या त्रासाचे वर्णन केले. तेथून आरंभ धरणारे आहेत. परंतु ते निरीक्षण होते, प्रयोग नव्हे. बहुतेक संदर्भग्रंथ पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८७८ मधील हवेच्या दाबावरील ग्रंथाला पहिला मान देतात. उंचीवरचा त्रास दाब घटल्याने थेट होत नसून ऑक्सिजनचा आंशिक दाब (हवेच्या एकूण दाबातील त्याचा वाटा) घटल्याने होतो, हे बेरने दाबकक्षात, म्हणजे आतील हवेचा दाब बदलता येणाऱ्या बंद खोलीत, दाखवले. त्याच्या कक्षात सराव केलेले क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे फ्रेंच बलूनवीर एप्रिल १८७५ मध्ये ‘झेनिथ’ बलूनमधून गेले. सोबतचा ऑक्सिजन अपुरा आहे, असे बेरने पत्राने कळवले होते. पत्र उशिरा पोहोचले. हातपाय जड झाल्याने त्यांना नळी तोंडापर्यंत नेता आली नाही, आणि ८,००० मीटरांहून अधिक उंचीवर दोघांचा अंत झाला. तिसरा सोबती तिसांदिए वाचला.

तिसरे मत ह्युबर्टस स्ट्रुगहोल्ड या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाचे नाव घेते. ‘अवकाश वैद्यक’ ही संज्ञा त्याने रूढ केली असे मानतात आणि १९४९ मध्ये टेक्सासमधील रँडॉल्फ फील्ड येथे त्या नावाचा विभाग त्याच्याकडे आला, हे खरे. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतील डाखाऊच्या नाझी छळछावणीत कैद्यांवर झालेल्या प्रयोगांशी त्याचा संबंध किती होता, हा प्रश्न पुढे इतका तीव्र झाला की त्याच्या नावाचा पुरस्कार २०१३ मध्ये बंद करण्यात आला. नाव दिले म्हणून जनक ठरवणे येथे उचित वाटत नाही.

खेळाशी असलेला धागा पाहायचा तर नाथान झुंट्झ या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाकडे वळावे लागते. बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात १८८९ च्या सुमारास त्याने सरकत्या पट्ट्याचे यंत्र बांधून घोड्यांचे श्रम आणि श्वसन मोजले. आजच्या जिममधल्या ट्रेडमिलचा हा शास्त्रीय पूर्वज. झुंट्झ स्वतः बलूनमधून वर गेला, पर्वतांवर मोजमापे केली आणि १९१२ मध्ये हवाई उड्डाणाच्या शरीरक्रियाविज्ञानावर लिहिले. उंची आणि श्रम हे दोन विषय एकाच प्रयोगशाळेत एकाच माणसाच्या हाताखाली वाढले, म्हणून प्रस्तुत नोंद त्याला अधिक महत्त्व देते. तोच वारसा हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘फटिग लॅबोरेटरी’मध्ये (थकव्याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा, १९२७–४७) दिसतो. तेथे मॅरेथॉनपटू क्लॅरेन्स डीमारची तपासणी झाली आणि तेथल्याच मंडळींनी १९३५ मध्ये चिलीतील उंच प्रदेशात मोहीम नेली.

प्रशिक्षणात दाबकक्षाला मोठे स्थान आहे. समुद्रसपाटीवर असो की ५,५०० मीटरांवर, हवेत ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच राहते. पण त्या उंचीवर हवेचा दाब निम्मा झालेला असतो. कक्षात सुमारे ७,६०० मीटरांची स्थिती निर्माण करून प्रशिक्षणार्थीला मुखवटा काढायला सांगतात आणि कागदावर सोपी वजाबाकी करायला देतात. काम करण्याजोगी शुद्ध साधारण तीन ते पाच मिनिटे टिकते. आधी अक्षर मोठे होते, मग ओळ तिरकी जाते, मग हातचा विसरतो. आणि माणूस मात्र खुशीत असतो, आपले उत्तम चालले आहे असे त्याला वाटते. स्वतःची लक्षणे ओळखायला शिकणे, हाच त्या तासाचा उद्देश.

वजनरहित अवस्थेचा परिणाम जमिनीवर पाहायचा तर माणसाला झोपवून ठेवतात. हल्ली डोके सहा अंश खाली ठेवून. १९६६ मध्ये डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना वीस दिवस अंथरुणावर ठेवले. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता (मुंबईचे धावपटू जिला सर्रास ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात ती) सरासरीने एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयवाढीने झालेली घट त्या वीस दिवसांच्या घटीपेक्षा कमी निघाली. दुखापतीने महिनाभर घरी बसणाऱ्या प्रत्येक धावपटूने हा प्रयोग माहीत करून घ्यावा.

अंतराळात रक्तद्रव (रक्तातील पातळ भाग, प्लाझ्मा) घटतो, पिंढऱ्या व मांड्यांचे स्नायू झिजतात आणि नितंबाच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम ठरलेला असतो. सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी तेथील ट्रेडमिलवर बॉस्टन मॅरेथॉनचे अंतर सुमारे ४ तास २४ मिनिटांत पुरे केले. ब्रिटिश अंतराळवीर टिम पीक यांनी २०१६ मध्ये लंडन मॅरेथॉनचे ३ तास ३५ मिनिटांत. धावताना शरीर पट्ट्यांनी खाली ओढलेले असते, त्यामुळे खांदे आणि कंबर काचतात. घाम ओघळत नाही, त्वचेवर थर धरून राहतो. गरम हवाही वर जात नाही, म्हणून पंखा अनिवार्य.

भारतात या विद्येचे केंद्र बंगळुरू. हवाई दलाची वायु-अवकाश वैद्यक संस्था तेथे १९५७ पासून आहे, आणि एमबीबीएसनंतर या विषयातील एम. डी. तेथेच होते. राकेश शर्मा यांनी एप्रिल १९८४ मध्ये साल्युत-७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर योगासनांचा प्रयोग केला होता. मुंबईत याच्या शेजारची विद्या आहे : कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयाच्या परिसरात पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांच्या वैद्यकाचे शिक्षण मिळते. दहा मीटर खोलीवरून पृष्ठभागावर येताना दाब निम्मा होतो, जितका समुद्रकिनाऱ्यावरून ५,५०० मीटर चढल्यावर होतो. दाब घटला की रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर पडू लागतो; त्याला दोन्ही प्रवास सारखेच.

मुंबईच्या धावपटूचा प्रश्न उंचीचा नाही, दमट हवेचा आहे. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो. कागदावर डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग असलेल्या या रस्त्याला धावणारे नुसते ‘पेडर’ म्हणतात. तोवर ऊन चढलेले असते, बनियन पिळून काढावे इतके भिजलेले असते, तरी अंग थंड होत नाही, कारण घाम सुकतच नाही. अंतराळ स्थानकात हवा हलत नाही म्हणून, येथे हवेत बाष्प भरलेले म्हणून. शरीराची अडचण तीच. उष्म्यात आठ-दहा दिवस नियमित सराव केल्यास रक्तद्रव वाढतो, म्हणजे अंतराळवीराच्या नेमके उलट.

उंचीवरच्या सरावासाठी साधारण २,००० ते २,५०० मीटर उंची लागते आणि कळसूबाई, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटरांवर थांबते. साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनला जाणारे मुंबईकर चढाचा सराव करून येतात, विरळ हवेचा नाही. लेह सुमारे ३,५०० मीटरांवर आहे. मुंबईहून विमानाने तेथे उतरून दुसऱ्या दिवशी धावणे धोक्याचे. आधी काही दिवस केवळ विश्रांती आणि हळूहळू चालणे एवढेच करावे.