अळूची खाज, रुईचा चीक

श्रावणात कोकणातल्या स्वयंपाकघरांत अळूचे फतफते शिजू लागते, तेव्हा पाने चिरण्याआधी हातांना खोबरेल तेल लावायचे आणि भाजीत चिंच किंवा आमसुले विसरायची नाहीत, हे कोणाला सांगावे लागत नाही. ज्या खाजेसाठी ही खबरदारी घ्यायची, ती मुळात पाने कुरतडणाऱ्या जिवांसाठी आहे. अळूच्या पानातील काही खास पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या अणकुचीदार सूक्ष्म सुयांच्या जुड्या असतात. पान चावले की त्या सुटतात आणि जिभेत, घशात रुततात. मात्र नुसत्या टोचण्याने एवढी आग होत नाही. सुयांना चिकटलेल्या प्रथिनांचाही तीत वाटा असतो. २०१४ साली जपानी संशोधकांनी किवी फळातील अशाच सुया आणि प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) एरी रेशीमकिड्याच्या अळ्यांना देऊन पाहिले. दोहोंपैकी एकच दिले तेव्हा अळ्यांना फारशी इजा झाली नाही. दोन्ही एकत्र मिळताच त्या मरू लागल्या. सुई वाट करून देते आणि विकर त्या वाटेने आत शिरते.

माझ्या मते वनस्पतींच्या विषापेक्षा त्याची साठवण अधिक विचार करण्याजोगी आहे. जे रसायन किड्याच्या पेशी बिघडवते, ते झाडाच्या स्वतःच्या पेशींनाही अपाय करू शकते, म्हणून ते कुपीबंद राहावे लागते आणि हल्ला होईल नेमके तिथेच फुटावे लागते. हापूसचा देठ मुळाशी मोडला की चिकाची चिळकांडी उडते, कारण तो फळातील नलिकांत दाबाखाली असतो. तो लागलेली साल काळी पडते, म्हणून देवगड-रत्नागिरीचे जाणते बागायतदार आंबा देठासकट उतरवतात. आंब्याच्याच कुळातल्या काजूत ही साठवण आणखी चोख आहे. बोंड रसाळ, ते कोणीही खावे. पण त्याखाली लोंबणाऱ्या बीच्या कवचात, जाळीदार थरात, अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असलेले दाहक तेल भरलेले असते. ओली काजूबी दाताने फोडण्याचा उद्योग ज्याने लहानपणी केला असेल, त्याचे ओठ तो विसरणार नाहीत.

समुद्रकाठच्या वाळूत आणि रस्त्याकडेला माजणाऱ्या, मारुतीच्या माळेसाठी शनिवारी जिची पाने खुडली जातात त्या रुईचा पांढरा चीक दुहेरी काम करतो. त्याच्या चिकटपणाने अळीचे तोंड बरबटते, आणि त्यातील कार्डेनोलाइड संयुगे प्राण्यांच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियम पंप, म्हणजे सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारी यंत्रणा, बंद पाडतात. मज्जातंतू आणि हृदय दोन्ही या पंपावर चालत असल्याने गुरे रुईला सहसा तोंड लावत नाहीत. तरीही बिबळ्या कडवा हे फुलपाखरू रुईवर खुशाल अंडी घालते. त्याच्या अळीत या पंपाची घडण किंचित बदललेली असते, त्यामुळे विष तिथे नीट बसत नाही. चिकटपणावरचा तिचा तोडगा मात्र वेगळा आहे. खाण्यास बसण्यापूर्वी ती पानाची शीर कुरतडते, चीक तिथेच ओघळून जातो, आणि मग पलीकडच्या कोरड्या पडलेल्या भागावर ती निवांत चरते. तरीही पोटात गेलेल्या विषाचा काही अंश ती अंगात साठवून ठेवते; तो फुलपाखरातही उरतो, आणि एकदा त्याची चव घेतलेला पक्षी त्या नारिंगी पंखांच्या वाटेला पुन्हा सहसा जात नाही.