पॉल स्कीन्सचा उजवा हात : एका धास्तीची पार्श्वभूमी

११ जुलै २०२४ रोजी मिलवॉकीच्या मैदानावर पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे गोलंदाज, पॉल स्कीन्स याने सामन्याच्या नऊपैकी सात इनिंग्ज टाकल्या. समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे बॅटरला बेसवर पोचवणारा फटका, मिळाली नाही आणि ११ बॅटर स्ट्राइकआउट झाले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झाले. त्याचं वय २२ आणि मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेतला हा पहिलाच मोसम. आणखी दोन इनिंग्ज अशाच निघाल्या असत्या तर त्याच्या नावावर नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता पुरा केलेला सामना, लागला असता. भल्याभल्या पिचरना अख्ख्या कारकिर्दीत तो लाभत नाही. पण ९९ चेंडू टाकून झाले होते. मॅनेजर डेरेक शेल्टन यांनी त्याला थांबवलं, आठव्या इनिंगला दुसरा पिचर आणला आणि त्याच इनिंगमध्ये हिट बसली. सामना पायरेट्सनी १-० असा जिंकला, तरी चर्चा जिंकण्याची झाली नाही. मे महिन्यात शिकागोच्या रिग्ली फील्डवरही हेच घडलं होतं. तो त्याचा दुसराच सामना होता. सहा इनिंग्ज, ११ स्ट्राइकआउट, एकही हिट नाही आणि १०० चेंडू होताच विश्रांती.

त्या दोन्ही दिवशी पायरेट्सच्या चाहत्यांच्या मनात दोन भावना एकाच वेळी होत्या. एक म्हणजे राग, की असा दिवस पुन्हा कधी येईल? दुसरी म्हणजे सुटकेचा निःश्वास, की बरं झालं, पोराचा हात वाचला. एकाच माणसाला हे दोन्ही का वाटावं, हे समजून घ्यायचं तर जवळजवळ पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

त्याआधी हाताविषयी थोडं सांगायला हवं. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाज धावत येतो आणि हात सरळ ठेवून चेंडू सोडतो. म्हणून त्याची पाठ, गुडघे आणि घोटे झिजतात. बुमराहच्या पाठीची बातमी आली की आपल्या पोटात गोळा येतो, तो त्यामुळेच. बेसबॉलचा पिचर धावत येत नाही. बॅटरपासून साडेसाठ फुटांवरच्या उंचवट्यावर उभा राहून, कोपर वाकवून, हात खांद्यामागे नेऊन तो चेंडू फेकतो. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूच्या एका अस्थिबंधावर प्रचंड ताण येतो. स्नायू व्यायामाने बळकट करता येतात, पण हा अस्थिबंध तसा बळकट होत नाही. स्कीन्ससारखा पिचर ताशी १०० मैलांनी, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर वेगाने, चेंडू टाकतो तेव्हा त्याच्या कोपरातली ती पट्टी जवळजवळ तुटण्याच्या कडेवर असते.

पूर्वी ती तुटली की खेळ संपायचा. पिचरचा 'हात गेला' एवढंच म्हणायचे आणि तो घरी जायचा. जुलै १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉनचा डावा हात असाच गेला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या मनगटातला कंडरा काढून डाव्या कोपरात बसवला. यश मिळण्याची शक्यता त्यांच्या मते शंभरात एक होती. जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले (बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय वा पराभव एका पिचरच्या नावावर लिहितात). तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. आज बेसबॉलच्या चाहत्यांच्या घरात हे नाव इतकं रुळलंय की डॉक्टर नसलेली माणसंही कोपराच्या एमआरआयवर तासन्‌तास बोलतात.

टॉमी जॉन परतला त्याच १९७६ साली डेट्रॉइटमध्ये एक २१ वर्षांचा पोरगा उगवला, मार्क फिड्रिच. कुरळ्या केसांचा, उंच, किडकिडीत. चेंडूशी बोलायचा, गुडघ्यांवर बसून उंचवट्यावरची माती हाताने सारखी करायचा. 'द बर्ड' हे त्याचं टोपणनाव. २८ जूनला न्यूयॉर्क यँकीजविरुद्धचा त्याचा सामना देशभर टीव्हीवर दिसला आणि रातोरात तो सगळ्यांचा झाला. वर्षअखेर १९ विजय, सर्वोत्तम नवोदिताचा मान आणि पूर्ण नऊ इनिंग्ज एकट्याने टाकलेले २४ सामने! आज अख्खी लीग मिळून एका मोसमात एवढे पूर्ण सामने टाकेल की नाही, याची खात्री नाही. पुढच्या वसंतात सरावाच्या वेळी त्याचा गुडघा दुखावला आणि परत आल्यावर खांदा गेला. १९८० नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. खांद्यातला स्नायुबंध फाटलाय हे निदान १९८५ साली झालं, तोवर फार उशीर झाला होता. सगळे मिळून त्याचे विजय २९, आणि त्यातले १९ त्या एका उन्हाळ्यातले. डेट्रॉइटच्या जुन्या चाहत्यांना आजही त्याचं नाव काढलं की आनंद आणि हळहळ एकदमच होते. नव्या पिचरविषयीची धास्ती खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली, असं मला वाटतं.

पण आशा काही थांबली नाही. १९८१ मध्ये मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या छोट्याशा गावातून आलेल्या २० वर्षांच्या फर्नांडो व्हॅलेन्झुएलाने डॉजर्सकडून पहिले आठही सामने जिंकले. त्यातल्या पाच सामन्यांत समोरच्यांना एकही धाव काढता आली नाही. डॉजर्सचं स्टेडियम ज्या चावेझ रवीन भागात आहे, तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांना १९५०च्या दशकात घरांतून बाहेर काढलं गेलं होतं. त्या समाजाने कित्येक वर्षं या संघाकडे पाठ फिरवली होती. हा गोलमटोल, आकाशाकडे डोळे लावून चेंडू टाकणारा मुलगा आला आणि तीच माणसं स्टेडियम भरू लागली. सर्वोत्तम नवोदित आणि साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) हे दोन्ही पुरस्कार एकाच मोसमात मिळवणारा तो आजवरचा एकमेव. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, एका सामन्यात मॅनेजर टॉमी लसोर्डांनी त्याच्याकडून १४७ चेंडू टाकून घेतले. सामना जिंकला म्हणून त्या वेळी ते शौर्य ठरलं. आज कोणत्याही मॅनेजरने विशीतल्या पोराकडून १४७ चेंडू टाकून घेतले तर दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी राहणार नाही. १९८८ मध्ये व्हॅलेन्झुएलाच्या खांद्याने साथ सोडली. त्यानंतरही तो बरीच वर्षं खेळला, पण आधीचा फर्नांडो परत दिसला नाही.

न्यूयॉर्क मेट्सचा ड्वाइट गुडन १९८४ मध्ये १९ वर्षांचा होता. पहिल्याच मोसमात २७६ स्ट्राइकआउट आणि दुसऱ्यात २४ विजय. शे स्टेडियमच्या प्रेक्षकांत प्रत्येक स्ट्राइकआउटला 'के' (स्ट्राइकआउटची खूण) अक्षराचा फलक टांगायची प्रथा त्याच्यामुळे गाजली. त्याची घसरण फक्त हातामुळे झाली नाही. १९८७ मध्ये कोकेनचं प्रकरण उघड झालं. म्हणून त्याचं उदाहरण घेऊन 'जास्त चेंडू टाकायला लावले म्हणून संपला' असा सरसकट निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही.

शिकागो कब्सच्या बाबतीत मात्र तसा निष्कर्ष लोकांनी काढला आणि तो मनात घट्ट बसला. ६ मे १९९८ ला २० वर्षांच्या केरी वूडने, आपल्या पाचव्याच सामन्यात, ह्यूस्टनच्या २० बॅटरना स्ट्राइकआउट केलं आणि फक्त एक हिट दिली. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांच्यापैकी अनेकांच्या मते इतकी अचूक पिचिंग त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. १९९९ चा संपूर्ण मोसम तो टॉमी जॉन शस्त्रक्रियेमुळे घरी बसला. मग आला मार्क प्रायर. त्याची फेकण्याची शैली इतकी सुबक, की प्रशिक्षक तिचे दाखले देत. २००३ मध्ये त्याने १८ विजय मिळवले. प्लेऑफच्या शर्यतीत सप्टेंबरमधल्या बहुतेक सामन्यांत मॅनेजर डस्टी बेकर यांनी त्याला १२० च्या वर चेंडू टाकायला लावले. २००६ नंतर प्रायर मेजर लीगमध्ये खेळला नाही. त्या वेळी त्याचं वय होतं २५. बेकर यांचं म्हणणं वेगळं होतं आणि प्रायरला चेंडू लागण्यासारखे अपघातही झाले होते. पण शिकागोकरांनी एका दमात दोन पिचर गमावले होते आणि त्यांना दोषी हवा होता. या काळात आकडेवारीचा अभ्यास करणारे चाहते प्रत्येक सामन्यातले चेंडू मोजून 'याला राबवलं जातंय' असा हिशेब मांडू लागले होतेच. १०० चेंडूंची लक्ष्मणरेषा बेसबॉलच्या कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. ती अशा हळहळीतून तयार झाली.

मग संघ जपायला लागले आणि इथे गोष्ट आणखी अवघड झाली. यँकीजनी २००७ मध्ये जोबा चेंबरलेनसाठी खास नियमच केले, किती टाकायचं, किती दिवस विश्रांती द्यायची. २०११ मध्ये त्याचंही कोपर गेलंच.

वॉशिंग्टनच्या स्टीव्हन स्ट्रासबर्गची कहाणी तर सगळ्या बाजू एकदम दाखवते. ८ जून २०१० ला पदार्पणात त्याने १४ स्ट्राइकआउट घेतले, तेही या पिट्सबर्गविरुद्धच. ऑगस्टमध्ये अस्थिबंध फाटला आणि सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. २०१२ मध्ये तो पुरा परतला, संघ अव्वल होता, आणि जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी त्याला सप्टेंबरमध्येच, १५९ इनिंग्जवर, थांबवलं. प्लेऑफमध्ये त्याच्याविना वॉशिंग्टन पहिल्याच फेरीत सेंट लुइसकडून हरलं. रिझोंवर देशभर टीका झाली. सात वर्षांनी, २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, स्ट्रासबर्ग सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि टीकाकार गप्प झाले. त्यावर त्याला सात वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला. त्या करारात तो जेमतेम आठ सामने टाकू शकला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. मग रिझो बरोबर होते की चूक? मला ते बरोबर वाटतात, कारण त्यांनी निर्णय त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर घेतला आणि माणसाच्या कारकिर्दीला एका मोसमापेक्षा मोठं मानलं. पण ज्या चाहत्याने २०१२ चा ऑक्टोबर गमावला त्याला हे पटवणं कठीण आहे, हेही मान्य.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत दोष चेंडूंच्या संख्येकडून वेगाकडे सरकला आहे. २००८ मध्ये मेजर लीगमधल्या फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१ मैलांच्या आसपास होता, २०२४ मध्ये तो ९४ च्या वर गेला. पूर्वीचा पिचर नऊ इनिंग्ज पुरवायच्या म्हणून दम राखून टाकायचा. आता पाचच इनिंग्ज टाकायच्या असतात, तर प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने. मेजर लीगने स्वतः तज्ज्ञांशी बोलून तयार केलेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेला अहवालही वेगाचा हव्यास आणि सतत पूर्ण जोर लावणं यांकडेच बोट दाखवतो. म्हणजे ज्या गुणामुळे पोरगा निवडला जातो तोच गुण त्याचं कोपर खातो. १०० चेंडूंवर थांबवून याला कितपत उत्तर मिळतं, याबद्दल मला शंका आहे.

पिट्सबर्गची गोष्ट यात आणखी वेगळी. या संघाने शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली १९७९ मध्ये. १९९३ ते २०१२ सलग २० मोसम जिंकण्यापेक्षा हरण्याचे जास्त. भारताशीही या संघाचा एक धागा आहे. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पायरेट्सनी करारबद्ध केलं होतं. मेजर लीगच्या संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय. दोघेही वरपर्यंत पोचले नाहीत, पण पिचर होणं किती अवघड, हे त्या निमित्ताने इथल्या काही लोकांना कळलं.

पिट्सबर्गच्या चाहत्यांना दोन भीती आहेत, एक कोपराची आणि दुसरी मालकाची. २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या क्रमवार निवडीत, संघाने पहिल्या क्रमांकावर गेरिट कोल घेतला, वाढवला, आणि जानेवारी २०१८ मध्ये ह्यूस्टनला देऊन टाकला. कोल पुढे यँकीजकडून साय यंग जिंकला. २०१० च्या ड्राफ्टमधला जेमसन टायओन दोनदा टॉमी जॉन शस्त्रक्रियेतून आणि मध्ये कर्करोगातून गेला, आणि शेवटी तोही यँकीजकडे. २०२३ मध्ये स्कीन्स पहिल्या क्रमांकावर आला, ९२ लाख डॉलरच्या विक्रमी बोनसवर, तेव्हा पिट्सबर्गकरांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच बोटं मोजली. सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की खेळाडू मोकळा होतो. संघाने त्याला खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमध्ये ठेवून मे २०२४ मध्ये वर आणलं, म्हणजे त्या वर्षाची सेवा अपुरी राहणार होती. नव्या नियमानुसार सर्वोत्तम नवोदित ठरल्यामुळे त्याला तरीही पूर्ण वर्षाची सेवा मिळाली. पहिल्या मोसमातला त्याचा ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे गेलेल्या वगळून दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावा, होता १.९६. ऑल-स्टार, म्हणजे निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या, सामन्याची सुरुवातही त्याने केली. नवोदिताला हा मान मिळाला तो १९९५ च्या हिदेओ नोमोनंतर प्रथमच.

मार्च २०२५ मध्ये कोलच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. मे महिन्यात पायरेट्सचाच जॅरेड जोन्स, स्कीन्सबरोबर २०२४ मध्ये आलेला दुसरा पोरगा, त्याच वाटेने गेला. एप्रिलमध्ये घरच्या पहिल्या सामन्याला प्रेक्षक मालक बॉब नटिंग यांना उद्देशून 'संघ विका' असं ओरडत होते. त्यांचा राग मला रास्त वाटतो. १८ मे रोजी फिलाडेल्फियात स्कीन्सने आठ इनिंग्ज टाकल्या, एकच धाव दिली आणि सामना ०-१ असा हरला. त्या मोसमात तो ३२ वेळा उतरला, १८७ इनिंग्ज टाकल्या, २१६ स्ट्राइकआउट घेतले, ईआरए १.९७. विजय १०, पराभव १०. नोव्हेंबरमध्ये साय यंग त्याला एकमताने मिळाला. १९९० च्या डग ड्रेबेकनंतर पायरेट्सचा तो पहिला. २०२९ चा मोसम संपला की तो मोकळा होईल, आणि त्याआधीच त्याला विकतील का, हा प्रश्न पिट्सबर्गमध्ये कोपराच्या प्रश्नाइतक्याच वेळा विचारला जातो.