पूर्वग्रहाचा वर्ग आणि बदललेले निर्णय

न्यूयॉर्क पोलीस दलाने २०१८ मध्ये आपल्या सुमारे ३६ हजार पोलिसांना दिवसभराच्या एका प्रशिक्षणाला बसवायला सुरुवात केली. विषय होता मनात नकळत घर करून असलेला पूर्वग्रह. काळा तरुण समोर आला की संशय आपोआप का बळावतो आणि तो कसा आवरायचा, हे त्यात शिकवलं जाई. असे वर्ग जगभर भरतात. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्यांचा परिणाम कसोशीने मोजला गेला. कुठल्या ठाण्यांची पाळी आधी आणि कुठल्यांची नंतर, हे जवळजवळ चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. त्यामुळे प्रशिक्षण झालेल्या ठाण्यांची तुलना त्याच काळातल्या, पाळी न आलेल्या ठाण्यांशी करता आली.

२०२० च्या अहवालात दिसलं की विषयाची समज वाढली होती आणि शिकलेलं वापरून पाहिल्याचंही अनेकांनी सांगितलं. पण अडवणं, झडती, अटक, बळाचा वापर यांतली वंशागणिक तफावत प्रशिक्षणामुळे कमी झाल्याचं काही दिसलं नाही.

हे असं का व्हावं, ते समजायला या प्रशिक्षणांचा लाडका प्रयोग पाहू. अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी तो १९९८ मध्ये मांडला. सिकंदराबादेत वाढलेल्या महजरीन बानाजी यांचा त्याच्या प्रसारात मोठा वाटा आहे. पडद्यावर चेहरे आणि शब्द झरझर येतात. गोरा चेहरा किंवा चांगला शब्द आला तर डावं बटण, काळा चेहरा किंवा वाईट शब्द आला तर उजवं. मग जोड्या उलटतात: काळा चेहरा आणि चांगला शब्द एका बटणावर. इथे बहुतेकांची बोटं अडखळतात. किती मिलिसेकंद अडखळली, त्यावरून गुण निघतो. स्वतःचा गुण पाहून माणूस हादरतो आणि प्रशिक्षकाचं निम्मं काम होतं.

हा गुण फारसा स्थिर नाही, ही पहिली अडचण. तीच व्यक्ती काही दिवसांनी पुन्हा बसली तर निकाल बराच वेगळा येऊ शकतो. तो खाली आणता येतो, पण टिकत नाही: केल्विन लाय आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नऊ उपाय तपासले, तेव्हा सगळ्यांचा असर काही तासांत किंवा दिवसांत ओसरला. त्याहून मोठी अडचण २०१९ मध्ये पुढे आली. जवळपास ५०० अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर, गुण बदलला म्हणून वागणं बदललं याला आधार सापडला नाही.

कंपन्यांमधलं चित्रही वेगळं नाही. २०१९ मध्येच एका जागतिक कंपनीतल्या तीन हजारांवर कर्मचाऱ्यांवर तासाभराच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींची मतं जराशी हलली. वागणुकीत फार थोडा फरक. (सक्तीचं मॉड्यूल आवाज बंद करून दुसऱ्या टॅबमध्ये चालवणाऱ्यांना याचं नवल वाटू नये.) तरी वर्ग भरतच राहतात, कारण ते लवकर उरकतात आणि दिसायला छान दिसतात. फिलाडेल्फियातल्या दुकानात दोन कृष्णवर्णीयांना अटक झाल्यावर स्टारबक्सने २९ मे २०१८ रोजी अमेरिकेतली आठ हजारांहून अधिक दुकानं दुपारनंतर बंद ठेवली, ती याच प्रशिक्षणासाठी. ब्रिटिश सरकारने मात्र २०२० च्या डिसेंबरमध्ये आपल्या नोकरशाहीतलं असं प्रशिक्षण गुंडाळायचं जाहीर केलं.

याचा अर्थ पूर्वग्रह हे थोतांड आहे असा कुणी काढेल, तर ते साफ चूक. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी भारतातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. बदललं फक्त नाव. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता कमी होती, मुस्लिम नावाला त्याहून कमी.

तेव्हा मन धुण्यापेक्षा निर्णयाची पद्धत बदलावी, असं मला वाटतं. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न विचारावेत, प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण द्यावेत, चर्चा त्यानंतर करावी. अशा आखीव मुलाखती गप्पांवजा मुलाखतींपेक्षा कामाचा अंदाज बरा देतात, हे जुनं संशोधन आहे.

पण पद्धतही मोजूनच घ्यावी लागते. फ्रान्समध्ये २००९-१० च्या सुमारास काही कंपन्यांना नाव-पत्ता झाकलेले अर्ज दिले, तर स्थलांतरितांच्या कुटुंबांतल्या उमेदवारांना मुलाखतीची बोलावणी उलट कमी झाली. प्रयोगात आपणहून आलेल्या या कंपन्या बहुधा आधीपासूनच उदार होत्या, आणि नाव दिसत असताना अर्जातल्या उणिवांकडे थोडा कानाडोळा करत असाव्यात, असं संशोधकांनी त्याचं स्पष्टीकरण दिलं.